लंडनहून केंब्रिज एका दिवसात: सासू-सासरे आणि मुलं बरोबर असताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई हॅरोला राहतात. सासू-सासरे नाशिकहून आलेत आणि नोव्हेंबरपर्यंत इथे आहेत. सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत. मुलं सात आणि बारा वर्षांची. गाडी न काढता रेल्वेनं सकाळी जाऊन रात्री परत यायचंय. केंब्रिज झेपेल का, की ऑक्सफर्ड बरं? आणि कुठकुठली कॉलेजं आतून पाहावीत?

झेपेल. आणि तुमच्या घरासाठी केंब्रिजच. ऑक्सफर्डचं स्टेशन गावाला जास्त जवळ आहे हे खरं, पण केंब्रिजला बघण्यासारखं जवळजवळ सगळं एकाच रस्त्याच्या कडेला आणि त्याच्या मागून वाहणाऱ्या नदीच्या काठी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नावेत बसवलं की अर्धं गाव आपणहून समोरून सरकतं. गणिताच्या शिक्षकाला तर या गावात दिवस पुरत नाही.

इथे पाहुण्यांना पायी फिरवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कुटुंबं थकतात ती चालून नव्हे, एकामागून एक कॉलेजांची तिकिटं काढून. दुसऱ्या कॉलेजच्या हिरवळीवर 'पाय ठेवू नये' ही पाटी दिसली की मुलांचा रस संपतो, आणि तिसऱ्या कॉलेजपर्यंत मोठ्यांचाही. म्हणून पैसे देऊन एकच कॉलेज आतून पाहायचं, ते किंग्ज. बाकीची दारातून, रस्त्यावरून आणि नदीवरून पाहायची.

आधी तारीख ठरवा, कारण इथे हवामानापेक्षा विद्यापीठाचं कॅलेंडर जास्त त्रास देतं. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांचा हंगाम असतो आणि बरीच कॉलेजं पाहुण्यांना दार बंद करतात. मे महिन्यातली शाळेची सुट्टी नेमकी त्यात सापडते. जुलै-ऑगस्टमध्ये दारं उघडी असतात, पण गर्दी इतकी की किंग्ज परेड या मुख्य रस्त्यावर ढकलाढकली होते आणि किंग्जचं प्रसिद्ध गायकवृंद सुट्टीवर असतं. तुमच्यासाठी उत्तम म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटाकडची शाळांची सुट्टी. मुलं मोकळी, विद्यापीठाचं सत्र चालू, गर्दी आटोक्यात आणि नदीकाठची झाडं पिवळी-तांबूस झालेली. फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मग पाचच्या आतच अंधारून येतं, एवढं धरून चाला. सोमवार टाळा, फिट्झविल्यम आणि प्राणिशास्त्राचं अशी दोन्ही संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

गाडीचं सोपं आहे. हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइननं थेट किंग्ज क्रॉस, आणि तिथून केंब्रिजची जलद गाडी पाऊण-एक तासात पोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, पण त्यांना सव्वा तास लागतो आणि तुम्हाला त्या आडवाटेच्या आहेत. सेंट पँक्रसहून सुटणारी थेम्सलिंकची गाडीही केंब्रिजला जाते, फक्त ती वाटेत बरीच थांबते. बोर्डावर 'केंब्रिज' दिसलं म्हणून मिळेल त्या गाडीत चढू नका, पोचण्याची वेळ पाहून घ्या. आणि उतरायचं ते नुसत्या 'केंब्रिज' नावाच्या स्टेशनावर. 'केंब्रिज नॉर्थ' हे 2017 मध्ये सुरू झालेलं वेगळं स्टेशन आहे, तिथे उतरलात तर गाव लांब पडेल.

ऑयस्टर कार्ड केंब्रिजला चालत नाही, कागदी किंवा मोबाइलवरचं तिकीटच काढा. त्याआधी 'फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड' घ्या. वर्षाचे 35 पौंड पडतात. त्यावर चार मोठे आणि पाच ते पंधरा वयाची चार मुलं एकत्र जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांच्या तिकिटावर 60 टक्के. प्रवासात किमान एक मूल बरोबर हवं, ते तुमच्याकडे आहेच. म्हणजे तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि मुलं, सगळे एकाच कार्डावर बसता. मोठ्यांचं जाऊन-येऊन तिकीट तीस पौंडांच्या आसपास असेल तर चौघांचे मिळून चाळीस पौंड वाचतात, म्हणजे कार्डाचा खर्च पहिल्याच फेरीत वसूल. अट एकच: कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळात ते चालत नाही. साडेनऊच्या नंतरची गाडी धरा. आजी-आजोबांना तीच वेळ सोयीची, आणि डबाही घाईत भरावा लागत नाही.

डबा मात्र भराच. मार्केट स्क्वेअरमधल्या बाजारात खाण्याचे ठेले असतात, शाकाहारीही मिळतं, पण सासूबाईंना प्रत्येक ठेल्यावर अंड्याची चौकशी करत उभं राहायला लावू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. याच गावात रामानुजन 1914 मध्ये आले आणि ट्रिनिटी कॉलेजातल्या खोलीत स्वतःचं सोवळ्यातलं जेवण स्वतः रांधत राहिले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि भाज्या, फळं, तांदूळ मिळणं अवघड होत गेलं. पुढे त्यांची तब्येत ढासळली, तिला ही आबाळही कारण झाली असं मानतात. हे सासऱ्यांना सांगा, मुलांपुढे डबा उघडताना तेच ती गोष्ट सांगतील. मुलांसाठी काही विकत घ्यायचंच असेल तर ट्रंपिंग्टन स्ट्रीटवरच्या फिट्झबिलीज बेकरीतला चेल्सी बन घ्या. चिकट, गोड, आणि एकात दोघं भागतात.

स्टेशनवर उतरलात की चालत सुटू नका. गाव तिथून दोनेक किलोमीटर लांब आहे आणि तो रस्ता पाहण्यासारखा नाही. स्टेशन 1845 सालचं. विद्यार्थी गाडीत बसून लंडनला उनाडायला पळतील अशी विद्यापीठाला धास्ती होती. म्हणून रेल्वेच्या कायद्यातच विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना स्टेशनात शिरून आपल्या विद्यार्थ्यांची चौकशी करण्याचा अधिकार दिलेला होता. स्टेशन गावाबाहेर राहिलं ते याच विरोधामुळे, असं इथले लोक सांगतात. कारण काहीही असो, बस समोरच उभी असते. एमॅन्युएल स्ट्रीटला उतरायचं.

उतरल्या उतरल्या एमॅन्युएल कॉलेजात डोकवा, तिथे बहुधा पैसे घेत नाहीत. 1584 मध्ये स्थापन झालेलं हे कॉलेज. ज्याच्या नावानं अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ चालतं तो जॉन हार्वर्ड इथलाच विद्यार्थी. पण तुमच्या धाकट्याला त्याच्याशी काही घेणं नसेल. त्याच्यासाठी आतल्या तळ्यात बदकं आहेत. बाकांवर दहा मिनिटं बसा. आजोबा क्रिकेटवेडे असतील तर पलीकडच्या पार्कर्स पीसच्या मैदानापर्यंत एक फेरी मारता येईल. विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये लिहिलेल्या फुटबॉलच्या नियमांशी या मैदानाचं नाव जोडलेलं आहे. ट्रिनिटीचा विद्यार्थी असताना रणजितसिंहजी इथे क्रिकेट खेळले. 1893 मध्ये त्यांना केंब्रिजच्या संघात जागा मिळाली, विद्यापीठाच्या संघातले ते पहिले भारतीय.

मग सरळ किंग्ज परेडकडे. कोपऱ्यावर कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं सोनेरी घड्याळ आहे, 2008 मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. त्याला काटे नाहीत. वर बसलेला टोळासारखा अक्राळविक्राळ किडा जबडा उघडतो आणि मिटतो, जणू सेकंद गिळतोय. हे घड्याळ मुद्दाम मागेपुढे होतं, पाच मिनिटांतून एकदाच अचूक वेळ दाखवतं. बारा वर्षांच्या मुलाला मोबाइल हातात देऊन ती अचूक वेळ पकडायला सांगा. मोठ्यांना तेवढीच उसंत.

आता किंग्ज. सहाव्या हेन्रीनं 1441 मध्ये कॉलेज काढलं आणि 1446 मध्ये चॅपेलचा पहिला दगड बसवला. मग गादीसाठी यादवी पेटली, राजा पदच्युत झाला, काम अनेकदा थांबलं, आणि दगडी बांधकाम पूर्ण व्हायला 1515 उजाडलं. भिंतीकडे नीट पाहिलं तर खालचा दगड पांढरट आणि वरचा पिवळसर दिसतो. पैसा आटला, पुन्हा आला, दगडाची खाण बदलली, हे सगळं त्या रंगात दिसतं. मुलांना ती रेघ शोधू द्या. आत गेल्यावर मान वर करा. पंख्यासारखी उमलत गेलेली ही दगडी छपराची कमान जॉन वेस्टेल या गवंड्यानं 1512 ते 1515 अशा तीन वर्षांत उभी केली, या प्रकारची जगातली सर्वांत मोठी. लांबी 289 फूट, उंची सुमारे 80 फूट, मध्ये एक खांब नाही, आणि पंख्यांच्या मधला दगड काही इंचच जाड. आकड्यांच्या माणसाला हे सांगायला माझी आवश्यकता नाही, भार कुठून कुठे जातो हे तेच नातवंडांना समजावतील. मुलांना भिंतीवरचे ड्रॅगन आणि शिकारी कुत्रे मोजायला लावा, ट्यूडर घराण्याची ती चिन्हं. लाकडी पडद्यावर आठव्या हेन्रीच्या आणि अ‍ॅन बोलिनच्या नावांची आद्याक्षरं गुंफलेली आहेत. पडदा बसला आणि थोड्याच वर्षांत राणीचं डोकं उडवलं गेलं. ही गोष्ट मोठ्याला आवडते, धाकट्याला सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा.

तिकीट मोठ्यांना पंधरा पौंडांच्या वर पडतं, आधी ऑनलाइन काढा. पैसे वाचवायचे असतील तर दुसरी वाट आहे. सत्र चालू असताना चॅपेलमध्ये संध्याकाळी, बहुधा साडेपाचला, प्रार्थना होते, ती सर्वांना खुली आणि मोफत. मुलांचा आणि तरुणांचा गायकवृंद गातो, पाऊण-एक तास लागतो. तुमचा धर्म कोणी विचारत नाही, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. पण त्या वेळी फिरता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, आणि ऑक्टोबरअखेर अंधार असल्यामुळे रंगीत काचा काळ्या दिसतात. माझं मत विचाराल तर दिवसा तिकीट काढून काचा पाहा, आणि संध्याकाळी सासू-सासऱ्यांबरोबर एकानं प्रार्थनेला बसावं. दुसऱ्यानं मुलांना घेऊन बाहेर राहावं. सात वर्षांच्या मुलाला थकल्यावर तासभर गप्प बसवणं ही शिक्षा आहे, त्याला आणि शेजारच्यांनाही. कार्यक्रम चॅपेलच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा पाहून घ्या.

किंग्जला लागूनच सेनेट हाउस आहे. आत जाता येत नाही, पण सासऱ्यांना मी सर्वांत जास्त वेळ इथेच उभं करीन. गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना इथे रँग्लर म्हणतात, आणि सर्वांत वरच्याला सीनियर रँग्लर. गुणानुक्रमानं नावं याच इमारतीत वाचून दाखवायचे. 1899 मध्ये पहिल्या क्रमांकावर जी दोन नावं बरोबरीनं आली त्यातलं एक होतं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा, सीनियर रँग्लर होणारा पहिला भारतीय. परत जाऊन 1902 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. नाशिकच्या गणित शिक्षकाला 'रँग्लर परांजपे' माहीत नसतील असं होणार नाही, पण ते नाव जिथे पुकारलं गेलं ती जागा दाखवणं वेगळं. आणि मुलांसाठी शेवटच्या क्रमांकाची गोष्ट: जेमतेम पास होणाऱ्या शेवटच्या विद्यार्थ्यासमोर त्याचे मित्र गॅलरीतून भलामोठा लाकडी चमचा खाली सोडत. 1909 नंतर क्रमांक जाहीर करणं बंद झालं आणि चमचाही गेला. याच इमारतीच्या छपरावर 1958 मध्ये इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी रातोरात एक ऑस्टिन सेव्हन मोटार चढवून ठेवली होती. ती उतरवायला अधिकाऱ्यांना काही दिवस लागले. हे ऐकल्यावर मोठा मुलगा छपराची उंची मोजत उभा राहतो, असा माझा अनुभव आहे.

तिथून पुढे ट्रिनिटी. दारावरचा आठव्या हेन्रीचा पुतळा पाहा, राजदंडाच्या जागी त्याच्या हातात खुर्चीचा पाय आहे, विद्यार्थ्यांचीच करामत. दाराच्या उजवीकडच्या हिरवळीवरचं सफरचंदाचं झाड न्यूटनच्या गावच्या झाडाचं कलम आहे. फोटो बाहेरूनच निघतो. आतलं रेन ग्रंथालय पाहुण्यांना मोजक्या वेळात खुलं असतं, पूर्वीपासून दुपारी बारा ते दोनच्या सुमारास. त्या दिवशीची वेळ कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहा आणि जुळली तर बाकी सगळं सोडून सासऱ्यांना आत न्या. न्यूटनची स्वतःच्या हातच्या दुरुस्त्यांची 'प्रिन्सिपिया'ची प्रत या ग्रंथालयाची आहे. रामानुजन यांच्या शेवटच्या वर्षातली हरवलेली मानली गेलेली पानं 1976 मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या गणितज्ञाला सापडली तीही इथेच. पुढचं सेंट जॉन्स हे परांजप्यांचं कॉलेज, त्याचा दरवाजा रस्त्यावरूनच बघण्यासारखा आहे. इथल्या फरशा आणि गोटे उंचसखल आहेत, सासूबाईंचा हात धरा.

सेंट जॉन्सपासून मॉड्लिन पूल दोन मिनिटांवर, आणि तिथेच पंट, म्हणजे सपाट तळाच्या लांबट नावा. वाटेत तिकीट विकणारे मागे लागतील. त्यांच्याशी घासाघीस करण्यापेक्षा आधी ऑनलाइन आरक्षण केलेलं स्वस्त पडतं. स्वतः वल्हवायचा मोह आवरा, बांबू चिखलात रुततो आणि माणूस बांबूला धरून राहतो, नाव पुढे निघून जाते. चालक असलेली फेरी पाऊण तासाची असते. नावेत बसायची जागा खालच्या पातळीला असते. सासूबाईंना आधी बसवा, दोन्ही बाजूंनी आधार द्या, आणि उतरताना शेवटी उतरवा. पाठीला उशी मिळते, पांघरूण मात्र घरून न्या, नदीवर गारठा जास्त.

या फेरीत सेंट जॉन्सचा 1831 सालचा झाकलेला पूल डोक्यावरून जातो, रेन ग्रंथालय नदीच्या बाजूनं दिसतं, मग क्लेअर कॉलेजचा 1640 चा पूल, नदीवरचा सर्वांत जुना. त्याच्या कठड्यावरच्या दगडी गोळ्यांपैकी एकातून कलिंगडाची फोड काढावी तसा तुकडा कापलेला आहे. तो कुठला ते मुलांना शोधू द्या. शेवटाला क्वीन्सचा लाकडी गणिती पूल. न्यूटननं तो खिळ्यांशिवाय बांधला होता असं नावाडी ठोकून देतात. न्यूटन 1727 मध्ये वारला आणि पूल 1749 चा आहे, तेव्हा सासऱ्यांना तिथे हसू द्या.

नावेतून उतरल्यावर तीन वाजून गेलेले असतील आणि सगळ्यांना छप्पर हवं असेल. मुलांचं ऐकायचं तर डाउनिंग स्ट्रीटजवळचं प्राणिशास्त्राचं संग्रहालय: मोफत, दारातच 21 मीटर लांबीच्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला. मोठ्यांचं ऐकायचं तर फिट्झविल्यम, तेही मोफत, चिलखतं आणि इजिप्तच्या शवपेट्या आहेत, बसायला बाकं आहेत, लिफ्ट आहे, स्वच्छतागृह चांगलं आहे. दोन्ही करू नका. फिट्झविल्यमला गेलात तर समोरच्या बाजूला एक नजर टाका. कोल्हापूरचे जयंत नारळीकर 1957 मध्ये शिकायला आले ते फिट्झविल्यम हाउसमध्ये, आणि ती संस्था तेव्हा या संग्रहालयासमोरच होती. आता ते कॉलेज हंटिंग्डन रोडवर हललं आहे.

परतीला बस पुन्हा एमॅन्युएल स्ट्रीटवरून. प्रार्थना संपवून निघालात तर सातच्या सुमाराची किंग्ज क्रॉसची गाडी मिळते. मुलं पेंगत असतील तर प्रार्थना सोडून पाचला निघा, पण तेव्हा स्टेशनच्या बसला गर्दी असते, चौघा मोठ्यांत टॅक्सी परवडते. शनिवार-रविवार जाणार असाल तर आदल्या दिवशी नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर रुळांच्या कामाची सूचना पाहा. काम असलं की जलद गाड्या रद्द होतात आणि मध्येच बसनं जावं लागतं, तसं असेल तर तारीख बदला. ग्रेट नॉर्दर्न आणि थेम्सलिंक या रेल्वेसेवांची गाडी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशिरा पोचली तर भरपाई मागता येते. घरी येईपर्यंत तिकिटं फेकू नका.